शाई पिणारी केळ

गुरुवार, ४ डिसेंबर २०२५. पाणी उशिरा आलं, टाकी अर्धीच भरली. मेघाली कोन गावाहून केळीचे खुंट घेऊन आली. एक खुंट रिक्षाबाहेर लोंबत होता म्हणून हवालदाराने हटकलं. तिने लग्नाचं सामान आहे असं सांगितलं. खोटं नव्हे, कालच्या हळदीच्या मांडवाचेच होते. रमशाचा मिक्सर आजपासून शेडवर. दुपारी तनवीरने एका गोदामवाल्याला शेड दाखवली. मला आधी बोलला नव्हता. गुडघा बरा.

एवढं लिहून रशिदाने पेनाला टोपण लावलं आणि ओल्या ओळींवर टीपकागद दाबला. खरं तर तो टीपकागद नव्हताच. शाईचं पेन वापरणारे गेले तसा टीपकागदही भिवंडीच्या दुकानांतून गेला. गेल्या उन्हाळ्यापासून ती आपल्याच शेडमध्ये तयार झालेल्या केळीच्या तंतूंचा चौकोनी तुकडा वापरत होती. तो शाई अशी पिऊन टाकी की अक्षराला धक्का लागत नसे. हे तिने मेघालीला कौतुकाने सांगितलं, तेव्हा मेघाली म्हणाली होती, "आपा, आपण पॅड बायांसाठी बनवतोय का डायरीसाठी?"

डायरीची सवय कल्याणच्या कॉन्व्हेंटातली. सिस्टर ऑगस्टीन यांनी नववीच्या मुलींना सांगितलं होतं, की दिवसभरात जे घडलं ते वहीत लिहा आणि जे वाटलं ते देवाशी बोला, वहीला त्यात ओढू नका. रशिदाने ते तंतोतंत पाळलं. लग्न होऊन ती भिवंडीतल्या नारपोलीला आली त्या दिवसाची नोंद आहे: घराच्या मागेच पॉवरलूमची शेड आहे, आवाज फार, सासूबाईंनी कानात घालायला कापूस दिला. मुलाच्या, तनवीरच्या, जन्माची नोंद आहे. मुनीर, म्हणजे तिचा नवरा, गेला त्या दिवसाचीही आहे, आणि त्यात कुणाकुणाला फोन केले आणि मशिदीतून चादर किती वाजता आली एवढंच आहे. बाकीचं जिथे बोलायचं तिथे ती बोलली होती.

मुनीरच्या पाठीमागे लूम थोडी वर्षं चालले आणि मग तनवीरने ते भंगारात दिले. त्याचं चुकलं असं रशिदा कधी म्हणाली नाही. जुने लूम, विजेचं बिल, कारागीर गावाला गेले ते परतले नाहीत. हे सगळं तिने स्वतःच रोजच्या रोज लिहून ठेवलेलं होतं. तनवीर ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कोऱ्या, कापडाची दलाली करू लागला आणि त्यात त्याचा जम बसला. शेड मात्र रिकामी राहिली. लूम जिथे उभे होते तिथे फरशीवर तेलाचे काळे चौकोन उरले होते. रोज सकाळी रशिदा शेडचं कुलूप उघडी, झाडून घेई आणि पुन्हा कुलूप लावी. लोकांना वाटे, म्हातारीला नवऱ्याची आठवण येत असेल. तिला खरं म्हणजे इतकी चांगली, भरपूर उजेडाची जागा फुकट पडून असल्याचा राग येई.

मेघाली तिला भेटली ती त्याच दारात. कोनची सून, बचत गटाची सचिव. कुठल्याशा शिबिरात केळीच्या खुंटापासून तंतू काढायला शिकून आली होती आणि त्याची पायपुसणी बनवत होती. पायपुसण्यांच्या काठाला लावायला स्वस्तात कटपीस मिळतात का, हे विचारत ती नारपोलीची गल्ली पालथी घालत होती. रशिदाने तिला बसवलं, पाणी दिलं आणि तंतूंचा पांढरट झुबका हातात घेऊन पाहिला.

"हे पाणी पितं का?" तिने विचारलं.

"पितं म्हंजे?"

"म्हणजे यावर पाणी सांडलं तर आत घेतं की वरून वाहून जातं?"

मेघालीला ठाऊक नव्हतं. पायपुसण्याला असं कुणी विचारत नाही. दोघींनी तिथेच करून पाहिलं. कच्च्या तंतूवरून पाणी ओघळून गेलं. रशिदाने उरलेला झुबका ठेवून घेतला, धुण्याच्या सोड्यात उकळला, सात पाण्यांनी धुतला, गच्चीवर वाळवला. मेघालीला फोन करून सांगितलं, "आता पितं."

हा प्रश्न तिला सुचला त्यालाही कारण होतं. नारपोलीत घरोघरी बायका लूमसाठी सुताच्या कांड्या भरून देत, आणि महिन्याच्या त्या दिवसांत लूमच्याच चिंध्या वापरत. तेलकट, धुळीने माखलेल्या, मोरीत काळोखात वाळवलेल्या. रशिदाला हे पाहवत नसे. सिस्टर ऑगस्टीन यांनी वर्गाची दारं लावून मुलींना शरीराचं सगळं सांगितलं होतं, जराही न लाजता, जणू भूगोल शिकवतायत. रशिदाही तशीच बोले. तिच्यापुढे अवघडून जाई तो तनवीर. चाळिशी उलटलेला, बाजारात आवाज असलेला माणूस, पण पॅड हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता. तो त्याला 'तो माल' म्हणे.

त्या गुरुवारी रात्री जेवताना शेडचा विषय निघाला.

"माणूस चांगला आहे अम्मी. दापोड्याला त्याची तीन गोदामं आहेत. एक फेब्रुवारीपासून शेड पाहिजे त्याला."

"तुझे अब्बा असते तर आधी मला विचारलं असतं."

"अब्बा असते तर लूम चालू असते," तनवीर म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला ते बरं वाटलं नाही. त्याने आईच्या ताटात स्वतःहून भात वाढला. "हे बघा. जानेवारी संपेपर्यंत तुमच्या त्या मालाला कुणी कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर मी त्याला नाही म्हणतो. नाहीतर शेड जाणार. नंतर रागवायचं नाही."

"मिळेल."

"कशावरून?"

"मी सांगते आहे त्यावरून."

तनवीरची बायको रमशा पदराआड हसली. "मिळेपर्यंत मी चटणी दातांनी वाटते," ती म्हणाली. तिचा मिक्सर त्या दिवशी सकाळीच शेडवर गेला होता. वाळलेले तंतू कातरून मिक्सरच्या लहान भांड्यात फिरवले की पिंजलेल्या कापसासारखे फुलून येत. पॅडच्या आत तोच थर भरायचा.

गिऱ्हाईक अगदीच हवेत नव्हतं. दापोड्याच्याच एका कंपनीच्या मोठ्या गोदामात पूर्वी नावाची मुलगी पॅकिंगच्या बायकांवर सुपरवायझर होती. शिफ्टभर उभं राहायचं काम, संडास लांबच्या टोकाला. तिने रशिदाला सांगून ठेवलं होतं: बुधवारी, सतरा तारखेला, माझ्या बायकांपुरती पाकिटं आणून द्या. महिनाभर वापरून बघतील. त्यांना पटलं तर कंपनी कायमची घेईल, मी बोलून ठेवलंय. नाही पटलं तर मात्र दुसऱ्यांदा मला तोंड उघडता येणार नाही.

जेवण झाल्यावर तनवीरने टेबलावरचं एक पॅड नजर दुसरीकडे ठेवून उचललं आणि अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळलं. भिवंडीत कापड असंच बघतात. डोळे मिटून दलाल नुसत्या चिमटीत सांगतो, की सूत कुठलं, विणकर कसा आणि भाव काय. तनवीरची चिमूट बाजारात नावाजलेली होती.

"हाताला लागतंय हे," तो म्हणाला. "खरखरीत आहे. असा माल कोण घेणार?"

रशिदानेही चिमटीत धरून पाहिलं होतं आणि तिलाही तसंच वाटलं होतं.

दोन दिवसांनी तनवीर एक निळा कॅन घेऊन शेडमध्ये आला. त्या कामासाठी म्हणून तो पहिल्यांदाच आत आला होता. "सॉफ्टनर आहे. डाईंगवाल्याकडून आणलाय. साडी असो, शर्टिंग असो, शेवटच्या पाण्यात हे घालतात. बघा काय होतं ते." मेघाली आणि तिच्या गटाच्या बायांनी धुतलेले तंतू त्या पाण्यात बुडवून काढले, वाळवले, फुलवले. आणि काय सांगावं, तंतूंचं लोणी झालं. जो तो चिमटीत धरी आणि मान डोलावी. मेघालीची सासू रंगूबाई, जिने मांडवातले खुंट या कामाला नेण्यावरून सुरुवातीला घर डोक्यावर घेतलं होतं, तिनेही गालाला लावून पाहिलं.

"मऊ हाय गो," ती म्हणाली. "नातवाच्या टोपऱ्यात घालीन मी."

"सासूबाई, तुम्हाला तर चालत नव्हतं ना? देवाच्या दारचा खुंट न् असल्या कामाला, म्हणत होतात."

"मांडव उठला का खुंट गटारात टाकतात, तवा कोन देवाला इचारतंय? गटारापेक्षा हे बरं हाय."

तनवीर दारात उभा राहून हे ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती आणि त्याहून जास्त समाधान. त्या संध्याकाळी रशिदाने लिहिलं: तनवीर शेडवर आला, अर्धा तास थांबला. बाकीचं तिने नमाजानंतर जिथे बोलायचं तिथे बोलून टाकलं.

पुढचा आठवडा सगळ्या बाया एका पायावर होत्या. पॅडच्या वरच्या बाजूला लावायची मलमल मेघालीने स्वतः उकळून तिची कांजी काढली, कारण लूमवरून उतरलेल्या कापडात कांजी असते आणि कांजीचं कापड पाणी घेत नाही हे भिवंडीत पोरासोरांना माहीत असतं. थर भरले गेले, शिवणी झाल्या, सरकारी योजनेतून मिळालेल्या निळ्या दिव्याच्या पेटीत पॅड ठेवून निर्जंतुक केले. सोमवारी संध्याकाळपर्यंत पाकिटं खोक्यांत रचून झाली होती.

त्याच सोमवारी मगरिबच्या नमाजनंतर रशिदा डायरी लिहायला बसली. जुना टिपायचा तुकडा शाईने भरून गेला होता, म्हणून तिने नव्या, मऊ थराचा तुकडा कापून आणला होता. चार ओळी लिहून तिने तो दाबला, उचलला, आणि पाहतच राहिली. पानावर निळा चिखल झाला होता. शाई तुकड्याने घेतलीच नव्हती. कागदावरच लोटली होती. इतक्या वर्षांत तिचं पान असं कधी बरबटलं नव्हतं.

तिने पेनातून एक थेंब त्या तुकड्यावर टाकला. थेंब उभा राहिला. गोल, चकचकीत, अळूच्या पानावर राहतो तसा. तुकडा कलता केला तर थेंब घरंगळून टेबलावर पडला. मग तिने शाईने भरलेल्या जुन्या तुकड्याचा कोरा कोपरा शोधून त्यावर थेंब टाकला. तो दिसला न दिसला तोच आत गेला.

रशिदाने पेनाला टोपण लावलं. हे पाणी पितं का, हा तिचा पहिला प्रश्न होता. ज्या दिवशी ती चिमटीवर भाळली, त्या दिवशी तो विचारायचा राहिला. शेडमध्ये इतक्या बाया, इतकी बोटं, आणि कुणीही एक चमचाभर पाणी टाकून पाहिलं नव्हतं. ती उठली, स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेतला आणि तनवीरच्या समोर जाऊन बसली. तो चहा पीत होता.

"बेटा, एक गंमत दाखवते."

तिने मऊ तुकडा बशीत ठेवला आणि पेल्यातून पाणी टाकलं. पाण्याचे गोळे झाले आणि बशीच्या कडेला जाऊन थांबले. तनवीरने कप खाली ठेवला. बोटाने एक गोळा ढकलून पाहिला.

"थेंब उभा राहतोय."

"उद्या सकाळपर्यंत राहील."

मग त्याने बशी हातात घेऊन दिव्याखाली धरली. "म्हणजे मी रेनकोट बनवला," तो म्हणाला.

"आणि उत्तम बनवला. बाजारात नेलास तर नाव होईल."

रमशाला हसू आवरेना. तनवीर हसला नाही, त्याचे खांदे पडले. रशिदाला याचीच धास्ती होती. मुलाने इतक्या दिवसांत एकदाच मदतीचा हात पुढे केला होता, आणि तो हात झटकल्यासारखं होऊ नये असं तिला वाटत होतं.

"तुझी चिमूट चुकली नाही," ती म्हणाली. "माल मऊ पाहिजे हे तू सांगितलंस ते खरंच आहे. मऊ करायची रीत दुसरी शोधायला हवी, इतकंच."

"परवा द्यायचा आहे ना तो माल?"

"तो देणार नाही."

"दुसरा कुठून आणणार?"

"बनवणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये मेघालीने हे ऐकलं आणि ती खोक्यावरच बसली. रात्री झोप न घेता शिवलेले पॅड होते ते. "आपा, दिसायला एक नंबर आहेत. पूर्वीने उघडून बघितलं तरी तिला काही कळणार नाही."

"तिला नाही कळणार. जी शिफ्टमध्ये वापरेल तिला कळेल. लाइनमध्ये उभी असताना, सगळ्यांसमोर."

रंगूबाई कोपऱ्यात खुंटाचं एकेक सोपट सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"भातलावणीत गुडघाभर पान्यात उभी असायची मी," ती म्हणाली. "पान्यात काय दिसायचं न्हाय, म्हनून बरं वाटायचं. बांधावर आले का जीव जायचा. तवापासून एकच सांगते, दिसायला कसं हाय ते मरू दे. भरवसा पायजे."

पूर्वीला फोन रशिदाने स्वतः केला, स्पीकर लावून, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

"पूर्वी, उद्या पाकिटं येणार नाहीत. सोमवारी येतील."

"आंटी, असं नका करू ना. सॅम्पलच लेट आलं तर पुढचं काय सांगू मी वर?"

"सांग की बनवणाऱ्यांनी पाणी ओतून पाहिलं आणि परत घेतलं. मऊ झाले होते, पण शोषत नव्हते. तुमच्या बायकांच्या लक्षात येण्याआधी आमच्या लक्षात आलं."

पलीकडे गोदामातल्या गाड्यांचा आवाज येत राहिला. "असं फोनवर कोणी कबूल करत नाही," पूर्वी म्हणाली. "सगळे ट्रॅफिक सांगतात. ठीक आहे, सोमवार. पण मी पण पाणी ओतून बघणार, सांगून ठेवते."

"जरूर. चमचा घरून आण."

आता खरं काम सुरू झालं. सॉफ्टनर लागलेले तंतू पुन्हा धुऊन काही होईना, म्हणून ते सगळे बाजूला काढले. रंगूबाईने त्यातले मूठभर खरोखरच टोपऱ्यासाठी नेले. नव्या तंतूंसाठी सोड्याच्या पाण्याची उकळी वाढवली. पहिल्यांदा चहा होईतो उकळत असत. आता सकाळी चढवलेलं पातेलं दुपारच्या जेवणाला उतरवू लागल्या. तंतूंमधला चिकटपणा जितका सुटे तितके ते लवचीक होत. धुतल्यावर रंगूबाई आणि दुसऱ्या दोघी फरशीवर बसून त्यांना धोपटण्याने धोपटत. लूम गेल्यापासून त्या शेडमध्ये असा ठोक ऐकू आला नव्हता. शेजारचा शेडवाला दारात येऊन विचारून गेला, की रशिदा आपा, लूम परत आणले काय?

तनवीरने गादीवाल्याच्या कापूस पिंजायच्या मशीनचं सुचवलं. "एका तासात सगळं फुलवून देईल."

"त्या मशीनमधून भिवंडीतल्या सगळ्या जुन्या गाद्या गेल्या आहेत," रशिदा म्हणाली. तनवीरने नाक मुरडलं आणि तो विषय तिथेच संपला.

राहिला रमशाचा मिक्सर. कातरलेले तंतू एकदम घातले तर गोळा होऊन पात्यात अडकत. चिमूटभर घातले तर पिसासारखे उडत. तेव्हा चिमूट चिमूट फिरवायचे, मिक्सर तापला की थांबायचं, त्यावर ओलं फडकं टाकायचं, पुन्हा फिरवायचं. रमशा येऊन आपल्या मिक्सरकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघून गेली. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच त्याच्यापुढे मांडी घालून बसली, कारण तिचं म्हणणं होतं की बाकी कुणाला त्याची नाडी कळत नाही.

प्रत्येक थरावर आता एक चमचा पाणी पडू लागलं. तो नेमच झाला. जो थर पाणी पिई तो पुढे. ज्याने नाही म्हटलं तो परत पातेल्यात. शनिवारी तनवीर आला, त्याने सवयीने चिमूट उघडली, मग ती मिटून घेतली आणि चमचा उचलला. पाणी आत गेलं. मग त्याने थर चोळून पाहिला.

"लोणी नाही," तो म्हणाला. "पण धुतलेल्या जुन्या मलमलीसारखा आहे. आजीच्या ओढणीसारखा."

सोमवारी पाकिटं दापोड्याला गेली. पूर्वीने सगळ्यांच्या देखत एक फोडलं, प्लास्टिकच्या बाटलीतून पाणी ओतलं, पॅड उलटं धरलं. खाली काही पडलं नाही. तिने मान हलवली आणि पाकिटं बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत ठेवून दिली.

मग वाट पाहणं. वाट पाहण्याचं रशिदाला काही वाटत नव्हतं. घडलं नाही ते लिहायचं नाही, एवढं सोपं गणित होतं. मेघाली मात्र रोज फोन करी. "आपा, काही कळलं?" "कळलं असतं तर तुझा फोन येण्याची वाट पाहिली असती का मी?" शेड मात्र बंद नव्हती. बाया येत, खुंट सोलत, पातेलं चढे. गोदामवाला एकदा टेप घेऊन मापं काढायला आला, तेव्हा रशिदाने त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि ठोकण्याच्या आवाजात त्याला जे बोलायचं होतं ते बोलता आलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पूर्वी स्वतःच शेडवर आली. तनवीर तेव्हा तिथेच होता. निमित्त विजेच्या मीटरचं होतं. पूर्वीने बॅगेतून पाण्याची बाटली काढून घोट घेतला आणि वर्गात निकाल वाचावा तसं सांगायला सुरुवात केली.

"दोघी म्हणाल्या जाड आहे, चालताना जाणवतं. एक म्हणाली चिकटवायची पट्टी सैल आहे. ते बदला. आणि पाकिटावरचं ते फूल काढा, केक वाटतो."

मेघालीने फुलाकडे पाहिलं. ते तिने काढलं होतं.

"आणि गळणं?" रशिदाने विचारलं.

"एकही नाही. फुल शिफ्ट, ओव्हरटाइमसुद्धा. एकीने तर दोन जास्तीची नेली पोरीसाठी, मला न विचारता. मी बघितलं, बोलले नाही." पूर्वीने पुढ्यातलं एक पॅड उचललं आणि अंगठ्याखाली चोळलं. तीही भिवंडीचीच. "हाताला अजून जरासं रफ वाटतं हं."

"ते हातासाठी नाहीच आहे," तनवीर म्हणाला.

म्हणाला आणि लगेच मीटरकडे वळला, कान लाल करून. रंगूबाईने धोपटणं थांबवून त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "बाय, पोरगं हुशार हाय तुजं," ती रशिदाला म्हणाली. "उशिरा उगवलं, पन उगवलं."

कंपनीने होकार दिला होता. दर महिन्याला पाकिटं दापोड्याला जायची होती. पूर्वी गेल्यावर मेघाली खोक्यावर बसून डोळे पुसत होती आणि फुलाऐवजी पाकिटावर काय काढायचं यावर गटातल्या बायांचं भांडण लागलं होतं. तनवीरने फोन कानाला लावला आणि तो शेडच्या मधोमध, एका तेलाच्या काळ्या चौकोनावर, उभा राहिला. गोदामवाला होता पलीकडे.

"नहीं भाई, शेड खाली नहीं है... अहो नाही, भाड्याचा प्रश्नच नाही. अम्मीचं काम चालू आहे तिथे... काय बनतं?" त्याने एकदा आईकडे पाहिलं. "पॅड बनते हैं. लेडीज लोगों के पॅड. हां हां, वही. केळ्यापासून." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "हो, पाणी पितं. येऊन बघा, चमचा देतो."

फोन ठेवून तो आईजवळ आला. "मोठं मशीन लागेल फुलवायला," तो म्हणाला. "नवीन घेऊ. गादीवाल्याचं नको. परवा मी सुरतेच्या पार्टीशी बोललोय, ते लगेच पाठवतील."

"परवा? निकाल तर आज लागला."

तनवीरने खांदे उडवले. "तुम्ही म्हणाला होतात ना, मिळेल म्हणून."

त्या संध्याकाळी रशिदाने डायरी उघडली. तारीख घातली, पूर्वीचे आक्षेप क्रमाने लिहिले, कंपनीचा होकार एका ओळीत लिहिला. केळीचा तुकडा ओळींवर दाबला, पान स्वच्छ उठलं. मग स्वयंपाकघरातून येणारा आवाज थोडा वेळ ऐकून तिने शेवटची ओळ लिहिली:

रमशाचा मिक्सर शेडवरून घरी आला. लहान भांड्याचं पातं बदलून घेतलं. रात्री खोबऱ्याची चटणी.